चेहरा तेवढा राहिला

मधू,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोरच्या मांडवात मला बोलायला उभं केलं होतं. तुझ्या फोटोला पांढरी फुलं वाहिलेली, सतरंजीवर निम्मी देवळाली बसलेली आणि माइक माझ्या डोक्याच्या वर एक वीत. तो खाली कसा करायचा ते कुणालाच जमेना. माझ्याआधी तिघं बोलून गेले होते. तुझा जन्म, तुझं शिक्षण, कुठकुठल्या गावांच्या विहारांत तुझ्या मूर्ती आहेत, सगळं सांगून झालं होतं. मी म्हणाले, "मधू माझ्या वर्गात होता. चांगला शिल्पकार होता." आणि खाली बसले. भिंगारला परत येताना आमचा रफीकभाई म्हणाला, "बस, एवढंच?" मी म्हटलं, मांडवात सांगण्यासारखं एवढंच होतं. बाकीचं तुलाच सांगायचं आहे.

आपण शेवटचं भेटलो ते भांडलो. तिथूनच सुरुवात करते, कारण गेले दोन महिने माझ्या डोक्यात तेच चाललंय.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तू ओली फडकी एकेक करून काढलीस. खाली बसलेली बाई. एक गुडघा उभा, एक आडवा, समोर पिशवीतलं आंब्याचं रोप, दोन्ही हातांच्या बोटांत कलमाला गुंडाळायची पट्टी. शांताक्का, तुझी मोठी बहीण, राहुरीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत तीस वर्षं कलमं बांधायला बसायची, ती तशीच. पाठ झालेली, खांदे झालेले, कमरेला खोचलेला पदर झालेला, टाचेच्या भेगासुद्धा झालेल्या. चेहरा मात्र तू पुन्हा खरवडून काढला होतास.

"परत?"

"परत."

"कितव्यांदा?"

"मोजलं नाही."

मी मोजलं होतं. सात वर्षांत मी या बाईचे चार चेहरे पाहिले होते. तिसरा मला इतका आवडला होता की त्याच्यासमोर मी तासभर बसून राहिले होते. पुढच्या खेपेला आले तर त्या जागी मातीचा नुसता गोळा. तू म्हणालास, "जमला नव्हता." काय जमलं नव्हतं ते कधीच सांगितलं नाहीस. तू या मूर्तीला कायम 'अक्काचं काम' म्हणायचास आणि आम्ही सगळे तसंच समजायचो. बहिणीनं आईच्या माघारी तुला वाढवलं, भाऊ तिची मूर्ती करतोय. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

त्या रविवारी मात्र मी चिडले. म्हणाले, "विहाराची मूर्ती तू महिन्या-दीड महिन्यात देतोस. एकदाही उशीर नाही. मग इथंच का अडतं? मी सांगते का अडतं. ही पुरी झाली की लोक म्हणणार, हे मधूचं मोठं काम. आणि मग त्यात काय कमी आहे ते बोलणार. अर्धी आहे तोवर तुला कुणी काही म्हणू शकत नाही. तू भित्रा आहेस."

तू हात पुसलेस. प्रत्येक बोट वेगळं पुसायची तुझी सवय होती. मग म्हणालास, "मी निदान मोडतो तरी. तू तर सुरूच करत नाहीस."

"माझ्या घरचं तुला माहीत आहे. अब्बांना पुतळे..."

"अब्बा जाऊन वीस वर्षं झाली, नसीम. आता कुणाचं नाव सांगतेस?"

अक्का चहा घेऊन आली तेव्हा मी चपला घालत होते. ती म्हणाली, "आगं, च्या तरी पी." मी प्यायले नाही. एसटीत बसल्यावर मनातल्या मनात तुला आणखी बरंच सुनावलं. नंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. होळीच्या आठवड्यात फोन आला तो तुमच्या शेजारणीचा. तू सकाळी शेडमध्ये मातीवर पाणी मारत असतानाच खाली बसलास आणि उठला नाहीस.

तू म्हणालास ते खरं होतं, म्हणून मला लागलं. अब्बांनी एकदाच विचारलं होतं, "बेटा, चित्रं काढलीस तर नाही का चालणार?" त्या एका प्रश्नावर मी सगळं आयुष्य रेटलं. शाळेत चित्रकला शिकवली, घरी कोळशानं रेखाटनं केली आणि माती सोडल्याचं खापर एका भल्या माणसावर फोडत राहिले. अब्बांनी तर स्वतःच्या मुलाला, रफीकभाईला, तुझे साचे घेतानाही कधी अडवलं नाही. तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू नुसता मान हलवून कामाला लागला असतास, हेही मला माहीत आहे.

पुण्याला पहिल्या वर्षी आपल्यासमोर एक म्हातारबाबा मॉडेल म्हणून बसायचे. सगळ्यांनी त्यांच्या तोंडासमोर जागा धरल्या. तू स्टँड उचललास आणि त्यांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलास. सरांनी विचारलं, "तिकडं काय दिसतंय तुला?" तू म्हणालास, "तोंड शेवटी दिसंल, सर." तुझ्या 'दिसंल'ला वर्ग हसला. मीही हसले, आणि मी तर भिंगारची. माझ्या घरी काय वेगळं बोलत होते? महिनाअखेर सगळ्यांच्या बाबांना नाकडोळे होते. म्हातारपण फक्त तुझ्या बाबांना होतं. ते पाठीच्या मणक्यांतून मानेपर्यंत चढत गेलेलं आणि तिथून चेहऱ्यावर आलेलं.

तेव्हापासून मी तुझ्याशेजारी जागा धरायला लागले. तू फार बोलायचा नाहीस. माती हातात घेण्याआधी नुसतं बघत बसायचास, आणि मी चुळबुळ केली की म्हणायचास, "गाडी चुकतीय का तुझी?" आजही माझ्या शाळेत चित्रकलेच्या तासाला पहिली दहा मिनिटं पेन्सिल धरायची नाही असा नियम आहे. मुलं वैतागतात. हा नियम तुझा, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं.

रफीकभाईला साचे घ्यायला तूच लावलंस. तो बंगल्यांच्या छतांना पीओपी करायचा. तू आमच्या अंगणात येऊन त्याला म्हणालास, "भाई, छताला करता तेच माणसाला करायचं." पहिला साचा असा अडकला की मूर्तीचा एक खांदा साच्यातच राहिला. भाईचा चेहरा पडला. तू मात्र तो तुटका खांदा हातात घेऊन आतून कसा दिसतो ते बघत बसलास. त्यानंतर तुझी एकही मूर्ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही. भाईचाही एक नेम होता. तू तोंडानं "घे" म्हटल्याशिवाय तो प्लास्टरची गोणी फोडायचा नाही. कारण एकदा साचा चढला की आतली माती खरवडून काढावी लागते. मूर्ती साच्यात पोकळी होऊन उरते आणि तिच्यातून एकच प्रत निघते. चुकलं तर ना माती, ना मूर्ती.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी देवळालीला आले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, माती वाळून तडकली असेल आणि प्रश्न आपोआप मिटला असेल. शेडमध्ये पाऊल टाकलं तर फडकी ओली. अक्का हातपंप घेऊन उभी, रोपवाटिकेतला, रोपांवर फवारा मारायचा.

"दिसातनं चार बारी मारते," ती म्हणाली. "पत्रा लई तापतोय. कानाखाली जरा उललंय बघ."

मी फडकी काढली. तू त्या खरवडलेल्या जागी पाचवा चेहरा उभा केला होतास. भांडणानंतरच्या सात आठवड्यांत. कपाळ होतं, गालाची हाडं होती, डोळे खाली कलमाकडे बघणारे. ओठ अजून नुसते बोटांनी दाबून ठेवलेले, हनुवटी ठरायची होती. कानाखाली केसभर तडा.

"तू पुरं कर," अक्का म्हणाली. "तुला येतंय की. त्यो म्हनायचा, नसीमचा हात माझ्यापरीस चांगला हाय."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस, मधू. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. मी तिथं उभी राहून हे ऐकलं आणि काय करावं ते कळेना, म्हणून पाण्यात बोटं बुडवली आणि तडा बुजवला. वीस-बावीस वर्षांनी माती हाताला लागली. वेगळं असं काही वाटलं नाही. गार होती, एवढंच. तडा बुजला तशी मी तुझी लाकडी कोरणी उचलली आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही अशा उजेडाला बसा. तोंड माझ्याकडं करा. मी बघून ओठ करते."

अक्का बसली नाही. पंप खाली ठेवला आणि पदरानं हात पुसत राहिली.

"माझ्याकडं बघून काय उपेग? ते माझं तोंड न्हवंच."

"म्हणजे?"

"धड माझं हाय. तोंड आमच्या आईचं करीत हुता."

मी कोरणी खाली ठेवली. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास, एवढं मला माहीत होतं. तिचा फोटो नाही, हेही तू कधीतरी बोलला होतास. पण या दोन गोष्टी मी कधी जोडल्याच नव्हत्या. एकदा राहुरीच्या स्टँडवर तू मला विचारलं होतंस, "डोळे मिटले की तुझी आई दिसते का तुला? नीट, नाकासकट?" मी म्हणाले होते, दिसते की, रोजच दिसते, घरात असते ती. आणि मी रसवंतीकडे वळले होते.

"त्यानं कुणाला सांगितलं न्हाई," अक्का म्हणाली. "मला तेवढं इचारायचा. मी हितं बसायची, त्यो करायचा, आन् मदनंच इचारायचा, अक्का, नाक आसंच हुतं का? मी म्हनायची, व्हय. गाल आसंच का? व्हय. पुरं झालं की मला म्होरं हुबी करायचा. आता बघ, हीच का? मी म्हनायची, व्हय, हीच."

"मग मोडायचा का?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला तो अक्कानं जाऊ दिला.

"मला कुठं आठवत हुती? मी आठ वर्साची हुते. आदी आठवायची. मंग कवा गेली, कळलंच न्हाई. तिचं लुगडं आठवतंय, हाताच्या काकणाचा आवाज बी येतोय. तोंड न्हाई. त्याला कसं सांगू? त्यो माझ्या भरवशावर बसल्ता. घरात आईला बघितल्याली मी येकलीच. मी बी न्हाई म्हनले तर मंग ती कुनाचीच न्हाई."

मी खाली बसले. अक्का उभीच होती.

"मी व्हय म्हनायची, तवा त्यो माझ्या तोंडाकडं बघायचा. मूर्तीकडं न्हाई, माझ्याकडं. आन् दुसऱ्या दिशी मोडायचा."

मधू, तुला कळलं होतं का? यावर मी खूप विचार केला आणि मला ठरवता आलं नाही. कधी वाटतं, पहिल्याच चेहऱ्याला तुला कळलं असणार. तुझ्यासारख्या बघणाऱ्या माणसाला बहिणीच्या तोंडावरचं खोटं 'व्हय' दिसलं नाही असं कसं होईल? मग वाटतं, कळलं असतं तर तू पुढची सहा वर्षं तिला विचारत राहिला नसतास. की तिला बरं वाटावं म्हणून विचारत होतास? तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत त्या शेडमध्ये बसायचात आणि मी आठवड्याची सुट्टी घालवायला येऊन तुला मूर्ती कशी पुरी करायची ते सांगायचे.

विहाराच्या मूर्तीबद्दल तू एकदा म्हणाला होतास, "तिथं काय पाहिजे ते मला ठाऊक असतं." मी ते कारागिराचं बोलणं समजले होते. तू सरळ सांगत होतास की इथं तुला ठाऊक नाही. मी तुला भित्रा म्हणाले. भित्रा माणूस एका चेहऱ्यावर थांबला असता. तो शब्द मी परत घेते. तुला ऐकू जात नाही तरी घेते, कारण तो मी मोठ्यानं बोलले होते.

त्या दिवशी मी ओठांना हात लावला नाही. ज्या चेहऱ्याची आठवण कुणालाच नाही, तो मी कुठून पुरा करणार होते? मी काहीतरी नीटस केलं असतं. पाहणारे छान म्हणाले असते. मला तेच नको होतं. अक्काला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "मंग किती दिस पानी मारू? माझा खांदा भरून आलाय." तिचं बरोबर होतं. वैशाख तोंडावर होता. मातीला फार तर तीन आठवडे होते.

पुढच्या रविवारी रफीकभाईला घेऊन आले. तो मूर्तीभोवती दोनदा फिरला. मागून बघितलं, बाजूनं बघितलं. मग ओठांपाशी थांबला.

"मधूभाऊंचं काम झालेलं नाही हे," तो म्हणाला.

"नाही झालेलं. होणारही नाही."

"मग साचा कुणाच्या सांगण्यावर घेऊ? मोडायचं काम आहे, नसीम. उद्या म्हणशील, भाईनं घाई केली."

मला "घे" म्हणायचा अधिकार नव्हता, आणि असता तरी माझी जीभ रेटली नसती. शेडमध्ये आम्ही तिघंच. अक्कानं तुझ्या बाईच्या डोक्यावरनं हात फिरवला. एखाद्या लेकराला शाळेत धाडताना फिरवावा तसा, पटकन.

"घ्या," ती म्हणाली.

भाईनं पहिला थर नीळ घालून केला, तुला माहीत आहेच, पुढं फोडताना मूर्ती जवळ आल्याची खूण म्हणून. मग पांढरा जाड थर, काथ्या, सळ्या. दुसऱ्या दिवशी साच्याच्या दोन फाका वेगळ्या झाल्या. माती काढायचं काम तू कायम स्वतः करायचास. भाई सवयीनं बाजूला सरकला. मी आणि अक्कानं माती काढली. चेहरा उलटा, खोलगट, साच्याच्या तळाशी होता. अक्कानं तिथली माती बोटांनी काढली, चमचा लावू दिला नाही. शेवटची माती निघाली तेव्हा तुझी सात वर्षं घमेल्यात होती आणि आत नुसती पोकळी.

साबणाचं पाणी, पुन्हा प्लास्टर, पुन्हा एक दिवस. मग भाई छिन्नी घेऊन बसला. पांढरा थर निघाला, निळा लागला, तसा तो श्वास रोखून काम करायला लागला. आधी पाठ निघाली. मग खांदे. मग हात, पट्टीसकट, एकही बोट न तुटता. चेहरा त्यानं शेवटी ठेवला. सांगून नव्हे, त्याचं त्यालाच तसं वाटलं असावं. डाव्या भुवईवर छिन्नी किंचित लागली. एक बारीक टवका उडाला. भाई "या अल्लाह" म्हणाला आणि थांबला. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चला म्होरं."

ओठ तसेच आले, दाबलेले, न ठरलेले. तुझ्या अंगठ्याची कड खालच्या ओठावर स्पष्ट. बोलायला लागलेली आहे की गप्प बसायचं ठरवलंय, सांगता येत नाही. मला ते आवडलं का? माहीत नाही. मला तिसरा चेहरा अजून आठवतो आणि तो जास्त देखणा होता. तू असतास तर मी हे तुला तोंडावर सांगितलं असतं आणि तू म्हणाला असतास, "देखणा होता, म्हणूनच."

अक्का समोर जाऊन उकिडवी बसली. तिची नजर आणि मूर्तीची पातळी एक झाली. बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं, "अक्का, आईसारखी वाटते?"

"न्हाई सांगता येत," ती म्हणाली. या वेळी तिनं 'व्हय' म्हटलं नाही. "पन अशी आसती तरी चाललं आसतं."

ब्राँझ करायचं का, कुठं ठेवायची, यावर दोघातिघांनी मला फोन केले. मी अक्काकडे बोट दाखवलं. तिनं नाही म्हटलं. मूर्ती आता तिच्या पुढच्या खोलीत आहे, फ्रिजच्या शेजारी. शेड तिनं झाडून घेतली, माती एका पिंपात भरून त्यावर ओलं पोतं टाकून ठेवली आहे. ती माती तू ने, असं अक्का म्हणाली. मी अजून आणलेली नाही. तुला खोटं सांगत नाही. आणीनच असं वचनही देत नाही.

काल रविवारी गेले होते. शेजारची नवी सून साखर मागायला आली. मूर्ती बघून थबकली आणि म्हणाली, "आत्याबाई, ह्या कोन? तुमची आई का तुमी?"

अक्का साखर काढत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

"माझ्या भावानं केल्याली बाई हाय," ती म्हणाली.

तुझी,
नसीम